शंभर डॉलरची जास्वंद

अमेरिकेतला मामा काही वर्षांपूर्वी दिवाळीला आला होता. भाऊबीजेच्या ताटात त्यानं शंभर डॉलरची नोट टाकली आणि आमच्या आईनं तिची लगेच लक्ष्मी करून टाकली. नोट देव्हाऱ्यात, आणि दर लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळद-कुंकवाचं बोट. हौसच दांडगी! नोटेवरच्या साहेबाचं कपाळ पार लालेलाल झालं.

यंदा आमच्या फुलांच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्यायचं ठरलं, तेव्हा मामाला फोनवर सांगून नोट खाली उतरली. अमरावतीत परदेशी नोटा बदलणाऱ्यानं भाव कमी सांगितला. "चोर हाय," म्हणत आई मला घेऊन थेट अकोल्याला. तिथल्यानं त्याहून कमी सांगितला.

"काहून? माया भावाची ओवाळणी खोटी हाय काय?"

"नाही मावशी, मशीन म्हणते खरी हाय. पण जुन्या छापाच्या लय नकली निघतात, त्यात हे डाग. मी पुढं ज्याले देईन, तो शंका घेईनच. त्या शंकेचे पैसे कापून राह्यलो."

आईचा पारा चढला. मला मात्र हसू आवरेना. दहाची नकली कॉइनं आल्याची आवई उठल्यापासून ही बाई दहाच्या कॉइनवर आठचीच फुलं देते. वरून म्हणते, "पुढं कोणी घेत नाही, बापा!"

"आई, कॉइन आलं की तू काय करतं?" मी विचारलंच.

तिनं असं पाहिलं की परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेरच बघत बसलो. "भावाच्या ओवाळणीत बट्टा? जमत नाही मले," एवढंच ती बोलली. नोट पुन्हा देव्हाऱ्यात गेली, काटा घ्यायचा राहिला. दुसऱ्या दिवसापासून कॉइनवर मात्र पुरी फुलं. मला फार बरं वाटलं, पण तसं बोलायची हिंमत कोणाची!

रविवारी मामाचा व्हिडिओ कॉल आला. "बाई, काटा घेतला?"

"घेतला ना! पुरा भाव भेटला तुया नोटेले."

मी मुद्दाम फोन जरा देव्हाऱ्याकडे वाकडा धरला.

"मंग देव्हाऱ्यात ते लाल काय दिसून राह्यलं?"

"जास्वंद हाय," आई बेधडक म्हणाली.

चष्मा काढून मामानं डोळे पुसले. "असली जास्वंद मायाजवळ बी हाय. येतांनी आणू?"

"आण. पण ताजी आण. शिळीले भाव देत नाहीत मेले."