तीन सिगार आणि दत्ताचं नाक

मंडळी, कशी आहात? नागपूरच्या वहिनींचे गुडघे जिना चढू लागले का? चिपळूणच्या बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांनी हे स्वतः वाचावं. नाहीतर सुनेकडून वाचून घ्यावं, तंबाखूचा उल्लेख आला की तिनं आवाज हळू करावा. सोलापूरच्या काकांना साखर किती ते विचारत नाही, ते खरं सांगणार नाहीत. मी ठणठणीत. नाक तेवढं तपकिरीनं निम्मं गेलंय.

या खेपेचा प्रवास डोंबिवली ते नौपाडा आणि मग डोंबिवली ते मोहने. हसा खुशाल. काशीला जाऊन आलेल्यांनाही मोहने माहीत नसतं.

निघण्याचं कारण दत्ता. मोहन्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माझा जुना दोस्त. गेल्या वर्षी त्याला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. एकदा चहासाठी त्यानं गॅसची कळ फिरवली, पेटवायला विसरला आणि तिथेच पेपर वाचत बसला. नशीब, मालतीवहिनी लवकर परतल्या. तेव्हापासून त्या त्याला घरात एकटं सोडत नाहीत. नाशिकला लेक बाळंत होऊन चार महिने झाले, पण आजीनं नात पाहिली ती फोनवरच. डॉक्टरांनी रोज लवंग आणि लिंबू हुंगायला सांगितलेलं, पण गडी पंधरा दिवसांत कंटाळला.

मला आठवलं, कारखान्यात आलेल्या एका परदेशी इंजिनियरनं दत्ताला अर्धी सिगार दिली होती. त्या वासाचं कौतुक आम्ही पुढे वर्षानुवर्षं ऐकलं. म्हटलं, लवंगेनं नाक जागं होत नसेल तर सिगारनं होईल. वैद्यकशास्त्र माझ्या बापाचं नाही, पण मैत्री आहे.

गुरुवारी नौपाडा. स्टेशनवरून पायी दहा मिनिटं, रिक्षा करू नका, सिग्नललाच जास्त वेळ जातो. दुकानं अकराला उघडतात, तोवर मिसळ खाऊन घ्या, तर्री वेगळी मागा. सिगारचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ. मालक पन्नाशीचे, कपाळाला गंध. त्यांनी विचारलं, भेट द्यायचीय का. म्हटलं, नाक उघडायचंय.

त्यांनी न हसता तीन सिगार मांडल्या आणि शिकवणीच घेतली. आतली तंबाखू तिन्हींत सारखी, फरक फक्त वरून गुंडाळलेल्या पानाचा. पहिलीचं पान फिकट, कापडी मांडवाखाली वाढलेलं, ऊन न लागलेलं, म्हणून चव मऊ, आटवलेल्या दुधासारखी. दुसरीचं भर उन्हातलं, तपकिरी, जिभेच्या टोकाला मिरी चावल्यासारखं. तिसरीचं काळं कुळकुळीत. त्या पानांचे ढीग लावून कितीतरी दिवस मुरवतात, मग त्यात गुळाचा गोडवा आणि कॉफीचा कडूपणा येतो.

"म्हणजे आमची पानगी," मी म्हटलं. तांदळाचं पीठ तेच, केळीच्या पानात भाजलं तर न्याहारी, हळदीच्या पानात सण. त्यांना हे इतकं पटलं की त्यांनी पानगीची कृतीच लिहून घेतली. निघताना बजावलं, "हे पान शेजाऱ्याचा वास पितं, आजोबा. हवाबंद डब्यात ठेवा. आणि आधी हुंगा, मग पेटवा."

तीन सिगारींत घरचा आठवड्याचा भाजीपाला आला असता, हे मी घरी बोललो नाही. हिनं घासून उन्हात वाळत घातलेला एक घट्ट झाकणाचा डबा मी उचलला आणि सिगार त्यात ठेवल्या. ही एवढंच म्हणाली, "सत्तरीत नवीन थेरं."

शनिवारी मोहने. कल्याण स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते, चौथा येईपर्यंत हलत नाही. पुढे बसलात तर अर्धी बैठक ड्रायव्हरची, अर्धी देवाची.

वहिनींनी जेवायला हळदीच्या पानातली पानगीच केली होती. दत्तानं ती पुठ्ठा चावावा तशी चावली आणि "छान झालीय" म्हणाला. वहिनी ताट घेऊन आत गेल्या.

आम्ही अंगणात बसलो. पहिली पेटवली, हुंगायचं विसरूनच. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा, एवढं मी वाचलं होतं. मला साय लागली, थोडं वाळलं गवत. दत्ता म्हणाला, नुसती गरम हवा. दुसरीनं माझी जीभ चुरचुरली. दत्ता म्हणाला, जास्त गरम हवा. मग तिसरी त्यानं हातात घेतली, न पेटवता नाकाशी धरली आणि पुन्हा पुन्हा हुंगली.

"हिंग," तो म्हणाला.

मला हसू फुटलं. गूळ म्हण, कॉफी म्हण, लेका, हिंग कसला? त्याचं तोंड एवढंसं झालं. "जाऊ दे. वाटलं आपलं."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सिगार घेतली, हुंगली आणि पायरीवरच बसल्या. "भावोजी, हिंगच आहे हो."

मी घरी फोन लावला. डब्यात आधी काय होतं? ही म्हणाली, खडा हिंग, तीन वर्षं. घासून काय जातोय?

मग वहिनींनी दत्ताचे डोळे बांधले. कोथिंबीर ओळखली, कॉफी ओळखली, साबणाला मात्र लिंबू म्हणाला. शेवटी त्या आत गेल्या. अंगणात पाठमोरा बसलेला दत्ता ओरडला, "मालती, गॅस बंद कर."

मुद्दाम न पेटवता सोडलेला गॅस त्यांनी लगेच बंद केला आणि डोळ्याला पदर लावला. पुढच्या बुधवारी त्या नाशिकला गेल्या. नात मांडीवर घेतलेला फोटो आलाय.

काळी सिगार दत्तानं पेटवली नाही, लवंगेच्या बाटलीशेजारी ठेवलीय. रोज सकाळी त्याचा फोन येतो. काल तक्रार केली, शेजारी सुके बोंबील भाजतायत. आवाजावरून खूश होता.

डबा पुन्हा फळीवर गेला. आता एक कबुली. ज्या डब्याला तीन वर्षांचा हिंग चिकटलेला, तो दोन दिवस माझ्या उशाशी होता आणि मला पत्ता नव्हता. नाक गेलेला ओळखतो आणि धडधाकट मी हसतो. शनिवारपासून तपकिरीची डबी बंद आहे. आज कढीला हिनं कशाची फोडणी दिली, ते मी बाहेरूनच सांगितलं.

तुमच्याकडे पानगी कुठल्या पानात करतात, ते लवकर कळवा. बापू, डोळा बरा असेल तर पहिलं उत्तर तुमचं यायला हवं.