दोन पोटांवर दोन साखळ्या

आजोबा गेले आणि वर्षाच्या आत बदलापूर गावातल्या आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. शेत वाटलं, विहीर वाटली, पितळेची घंगाळंही वाटली. शेवटी आजोबांचं खिशातलं घड्याळ उरलं. कुणा शहाण्याने ते साखळीतून सोडवलं. घड्याळ थोरल्याला, म्हणजे माझ्या बाबांना, आणि साखळी धाकट्या काकांना. पंचांनी माना डोलावल्या. मला तेव्हाच शिसारी आली होती.

दोघा भावांच्या भांडणाचं खरं कारण वेगळंच होतं. आमच्या घरात लग्न भटजींच्या घड्याळावर लागत नसे. घरातला वडीलधारा मांडवात उभा राहायचा, साखळी ओढून जाकिटाच्या खिशातून घड्याळ काढायचा, झाकण उघडून बघायचा आणि हात वर करायचा. मगच अंतरपाट खाली. आजोबांच्या मागे हा हात कुणाचा, यासाठी दोघे भाऊ हपापले होते. आणि घरात पहिलं लग्न निघालं ते माझं.

माझ्या साड्या घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. साड्या भराभर उरकल्या, आजोबांच्या घड्याळाला लावायची बाबांची साखळी मात्र ठरता ठरेना. दुकानदाराने मखमलीचा ट्रे पुढे ठेवला. गिऱ्हाइकांच्या बोटांचा मळ बसून मखमल चिकट झाली होती. बाबा एकेक साखळी घामट सदऱ्यावर लावून आरशात पोट पुढे काढत होते. बारीक कड्यांची म्हणे बायकी दिसते, चपटी मास्तराची वाटते.

"सेठ, ये डबल कडीवाली लो," दुकानदार म्हणाला. "सामनेवाला देखके जल जाएगा."

"भावाच्या साखलीपक्षा जाड हाय ना?" बाबांनी एवढंच विचारलं.

साखळीला अडकवायचं लोंबतं म्हणून घोड्याचा नाल आणि वाघाचं तोंड, दोन्ही घेतलं. मुलगी परक्या घरी जाणार, तिला काय हवं-नको, हे त्या माणसाच्या डोक्यात कुठेच नव्हतं. साखळी पिवळीधमक, सगळी वरची झिलई. घरी येईपर्यंत घामाने सदऱ्यावर हिरवट पट्टा उमटला आणि तिला जुन्या नाण्यांसारखा कुबट वास सुटला. तरी बाबा ती लावूनच जेवायला बसले. वाघाचं तोंड आमटीत बुडालं, ते त्यांनी चोखून साफ केलं. मी ताटावरून उठले.

लग्नाला काका आजोबांची साखळी मिरवत आले, टोकाला कोरं करकरीत घड्याळ. दोन पोटं, दोन साखळ्या, एकच मांडव. माझे सासरे अंबरनाथच्या कारखान्यातले ऑफिसर, त्यांना या थेरांची कल्पनाच नव्हती. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या. काकांनी झाकण उघडलं आणि हात वर केला.

"थांब," बाबा ओरडले. "अजून मुहूर्ताची येल नाय झायली."

"तुजा घड्याल मागं हाय. येल टलून जाल."

"माजा घड्याल बापाचा हाय!"

काकांनी पोटावरची साखळी पुढे केली, "न साखली कनाच्या बापाची?"

भटजींच्या मनगटावर घड्याळ होतं. भटजी त्यावर बाही ओढून मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. दक्षिणा दोन्ही भावांच्या घरांकडून यायची होती. सासऱ्यांकडची माणसं आपसात कुजबुजायला लागली. त्यांच्यातला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "मुहूर्त चुकला तर आम्ही मुलगा परत नेऊ." आई बायकांत उभी होती, तोंडात पदर कोंबून. दोघे भाऊ मात्र एकमेकांच्या पोटाला पोट लावून उभे, साखळ्या एकमेकींत अडकलेल्या. अख्खा मांडव बघत होता, कुणी हसतसुद्धा होतं.

पाटावर उभ्या उभ्या मला कळून चुकलं. या दोघांना लग्न नकोच होतं, फक्त हात वर करायचा होता. मी अंतरपाट धरून खाली ओढला. पलीकडचा मुलगा दचकला. मी टाचा उंच करून त्याच्या गळ्यात हार घातला. वाजंत्री सुरू झाली आणि अक्षता पडल्या.

पाठवणीच्या वेळी मी बाबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. जाकीट नीट करत ते म्हणाले, "चारचौघांत माजा मान घालवलास." लेक सासरी जाताना बाप तिच्याशी तेवढंच बोलला.