शवासन वगळलेले दिवस

मंगळवारी सकाळी माझा नवरा झोपेतून उठला नाही. डॉक्टर आले, म्हणाले, गेलेत.

तेरावं झाल्यावर मी मुलुंडच्या बागेत जाऊ लागले. तिथे रोज सकाळी योगासनांचा वर्ग भरतो. पैसे नाहीत, कोणीही यावं, चटई आपापली आणावी. शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले. नवरा नेमाने जायचा. मी घरी वाचत बसायचे. आता बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचे, एका पानावर घुटमळायचे, गॅस बंद आहे का बघून यायचे, पुन्हा तेच पान. रात्री पाठ टेकवायचीही भीती वाटायची.

वर्गात आसनं व्हायची, प्राणायाम व्हायचा, की सर लगेच म्हणायचे, "चला, झालं आजचं." सगळे चटया गुंडाळायचे. मी तशीच तापल्या अंगाने घरी. नवरा तर सांगायचा, शेवटी शवासन असतं, आणि त्यात तो घोरतो म्हणून सगळे हसतात.

शेजारच्या इमारतीतल्या काकूंना मी विचारलं, "शवासन घेत नाहीत का?"

"घ्यायचे गं. तू यायला लागलीस, तेव्हा आम्हीच म्हटलं, नको. तुझ्यासमोर सगळ्यांनी तसं डोळे मिटून पडायचं..."

मागून एक आजोबा म्हणाले, "माझी कंबर धरली त्यापायी. पण बोलणार कोण?"

"तुमची कंबर काय, लग्नात पण धरलेलीच होती," काकू म्हणाल्या.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "उद्यापासून शवासन घ्या. मला घरी आडवं होता येत नाही. इथे चार माणसांत जमतंय का बघते."

"नक्की ना, ताई?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी सगळे आडवे झाले. सर सांगत होते, पाय सैल सोडा, खांदे सैल सोडा. माझी बोटं चटईची कड ओढत होती. शेजारी काकू अगदी निपचित पडल्या होत्या. मी मान वळवून त्यांच्या पोटाकडे पाहिलं. वर आलं, खाली गेलं. मग पलीकडच्या आजोबांचं पाहिलं. मग त्यांच्या पुढच्यांचं. सगळ्यांचं पाहून होईपर्यंत सरांनी उठायला सांगितलं.

मी अजून रोज जाते. आता पडून राहायला जमतं. डोळे मिटायला जमत नाही.