छातीत धडधड झाली

मला भीती वाटली की नाही, हे ठरवायचा अधिकार कुणाला? प्रश्न वेडगळ वाटेल, पण पुण्यातल्या एका जुन्या, नाव सांगितलं की लोक मान डोलावतात अशा कॉलेजात मी या प्रश्नावरून अख्खं सत्र भांडले आहे. अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. म्हणून घरात कुणी तो काढत नाही.

मी कॉमर्सला होते. नव्या धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षी आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागायचा. यादीत ‘व्हिडिओ गेम्स आणि आभासी वास्तव : प्राथमिक ओळख’ असं दिसलं आणि मी पुढचं काही वाचलंच नाही. शाळेत असल्यापासून मला गेम खेळायचं वेड, आणि त्याहून मोठं वेड म्हणजे खेळताना मध्येच थांबून विचार करत बसायचं, की ही भिंत बनवणाऱ्याने इथेच का उभी केली असेल, हा दरवाजा आपल्याला उशिरा का दिसावा. बाबांना हे कळलं तेव्हा ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, “छान. उद्या पत्ते पिसायचाही कोर्स काढतील.”

आईने मध्ये पडून तह घडवून आणला. या विषयात मी नीट पास झाले, तर पुढच्या वर्षी गेम डिझाइनच्या पदविकेला जायला बाबा हरकत घेणार नाहीत. नाही झाले, तर मुकाट्याने बी.कॉम. आणि कोथरूडमध्येच घराजवळ असलेला सीएचा क्लास. बाबा शब्दाचे पक्के, आणि दोन्ही बाजूंनी पक्के. त्यामुळे सगळ्यांनी गंमत म्हणून घेतलेला तो विषय माझ्यासाठी गंमत नव्हता.

शिकवायला फिजिक्सचे सर होते. त्यांचे तास कमी भरत होते, म्हणून हा विषय त्यांच्या गळ्यात पडला होता. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला लाल आणि निळं पेन, आणि मुलींशी बोलताना कायम ‘आपण’. चिडले की तो आदर आणखी वाढायचा.

हेडसेट कॉलेजात एकच होता. कुणा माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला. तो आला तेव्हा नारळ फुटला, खोक्याला हळदकुंकू लागलं, फोटो निघाले, आणि मग तो प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात, मिळालेल्या ढालींच्या शेजारी जाऊन बसला. आम्ही तोवर वर्गात त्याची आकृती काढत होतो. सरांनी फळ्यावर हेडसेट काढला, त्याला बाण केले, ‘भिंग’, ‘पट्टा’, ‘पडदा’ अशी नावं दिली. परीक्षेला सुबक आकृतीला वेगळे मार्क होते. आभासी वास्तवाची ओळख आम्हाला पेन्सिल आणि खोडरबरातून झाली, हे मी आज ऑफिसात सांगते तेव्हा लोकांना ते खोटं वाटतं.

अखेर हेडसेट प्रयोगशाळेत आला. प्रयोग असा होता, की तो डोळ्यांवर चढवला की आपण एका उंच इमारतीच्या टोकावर उभे असतो आणि समोर हवेत एक फळी आलेली असते. तिच्यावरून चालायचं. पण कुणी चालण्याआधीच सरांनी जर्नल उतरवून घ्यायला सांगितलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निरीक्षणात त्यांनी सांगितलं, “लिहा. फळीवर पाऊल ठेवताच छातीत धडधड झाली व तळहातांना घाम आला.”

सगळा वर्ग खाली माना घालून लिहायला लागला. मी हात वर केला.

“सर, अजून कुणीच पाऊल ठेवलेलं नाही.”

“ठेवाल तेव्हा होईलच,” सर म्हणाले. “आत्ता लिहिलंत की वेळ वाचतो.”

विज्ञान शाखेच्या मुलांना यात काहीच खटकलं नाही, कारण ती अकरावीपासून हेच करत आलेली. लंबकाचं उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असतं, तिथून उलटे मागे येत आकडे भरायचे. शिकवणाऱ्याला ते माहीत असतं, तपासणाऱ्यालाही माहीत असतं, आणि सगळे मिळून मूग गिळून बसतात. ठीक आहे, लंबकाला त्याचं काही वाटत नाही. पण छाती माझी होती. तिच्यात काय व्हावं, हे मला फळ्यावरून उतरवून घ्यायचं नव्हतं.

माझी पाळी आली. केसांचं तेल लागू नये म्हणून मुलींनी स्कार्फ बांधूनच हेडसेट घालायचा, असा नियम होता. गाडीवर बांधतो तसा तोंडभर स्कार्फ गुंडाळून मी उभी राहिले आणि प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी हेडसेट चढवला. मला दोन फळ्या दिसल्या. एकीवर एक सरकलेल्या, धुरकट. इमारतीही दोन. कुठल्या फळीवर पाय ठेवू ते कळेना. कपाळ ठणकायला लागलं आणि मी तो डोळ्यांवरून काढला.

“सर, दोन-दोन दिसतंय.”

सरांनी तो स्वतःच्या डोळ्यांना लावला, थोडं इकडेतिकडे पाहिलं. “व्यवस्थित आहे,” ते म्हणाले. “आपल्या दृष्टीत दोष असावा. तपासून घ्या.”

भर वर्गात. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जागेवर जाऊन जर्नलमधलं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, “दोन फळ्या दिसल्या. डोकं दुखलं. भीती वाटली नाही.” सरांनी त्यावर सही केली नाही. सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नाही तर पदविका नाही. सरळ हिशोब होता.

घरी सांगितल्यावर आईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी तिने मला नारायण पेठेत तिच्या लहानपणापासूनच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत औषध टाकलं, तासभर बसवून ठेवलं आणि शेवटी आईलाच झापलं, “डोळे उत्तम आहेत. मुलीला कशाला घाबरवता?” मग नाकावर एक छोटी पट्टी धरून त्यांनी माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. “जरा जवळ-जवळ आहेत, एवढंच. दुर्बिणीतून बघताना नळ्या पुढेमागे करून आपल्या डोळ्यांना बसवतो ना? तुमच्या त्या यंत्राला तशी सोय असेलच की.”

डोळे निर्दोष असल्याची चिठ्ठी घेऊन मी सरांसमोर उभी राहिले. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि परत दिली. “डॉक्टरांना आभासी वास्तवातलं काय कळतं?” हेडसेटची आकृती काढून त्याची ओळख करून देणारा माणूस मला हे विचारत होता.

सोय होती. हेडसेटच्या खालच्या अंगाला एक सरकवायचं बारीक बटण होतं आणि त्याच्यावर आडवी चिकटपट्टी लावलेली होती. मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, “अगं, सेटिंग हलू नये म्हणून सरांनीच लावायला सांगितलीय. बसवायला माणूस आला होता ना, त्याने सरांच्या डोळ्यांना लावून सगळं फिट करून दिलंय.”

मी तशीच सरांकडे गेले. “सर, ती चिकटपट्टी काढून बघू का?”

“सेटिंग बिघडेल.”

“पण ते सेटिंग तुमच्या डोळ्यांचं आहे, सर.”

“आपण फार बोलता,” सर म्हणाले.

प्रयोगाला माझी जोडीदार एक वाशीमकडची मुलगी होती, हॉस्टेलवर राहायची. तिचं जर्नल केव्हाच सही होऊन आलं होतं. त्या दिवशी कँटीनमध्ये मी सरांच्या नावाने खडे फोडत होते, तर ती वडापाव खाता खाता शांतपणे म्हणाली, “काहाले भांडून राहिली वो तू? लिहून टाक ना. मले बी दोन-दोनच दिसलं.”

माझा घास हातात राहिला. “तुलाही दोन दिसल्या? मग तू बोलली का नाहीस?”

“सरनं सांगतलं होतं ना धडधड झाली म्हणून. मले वाटलं, मलेच जमलं नाही.”

मग मी टेबलाटेबलावर जाऊन विचारत सुटले. एकाला अंधुक दिसलं होतं, एकीला फळीच दिसली नव्हती, एक पठ्ठ्या तर डोळे मिटूनच उभा राहिला होता. थोड्यांना नीट दिसलं, नाही असं नाही. पण जर्नलात सगळ्यांच्या छातीत धडधड झाली होती आणि सगळ्यांच्या तळहातांना घाम आला होता. एवढ्या मुलांसमोर माझे डोळे खराब ठरले आणि त्यांतलं एकही हूं की चूं करत नाही! सरांपेक्षाही त्या दिवशी मला माझ्या वर्गाचा राग आला. मी तो बोलूनही दाखवला, आणि पुढचे काही दिवस माझ्याशेजारी कुणी बसायला तयार नव्हतं.

जर्नल जमा करायच्या शेवटच्या दिवशी सर मीटिंगला गेले होते. मामा म्हणाले, “मी चहा घेऊन येतो, तोवर बसा दोघी.” हेडसेट टेबलावरच होता. मी जोडीदारणीकडे पाहिलं. तिने दार लोटून घेतलं. मी नखाने चिकटपट्टी काढली, हेडसेट चढवला आणि ते बटण हळूहळू आत सरकवायला लागले. दोन फळ्या एकमेकींकडे सरकत आल्या, आणि अचानक एकच झाली.

आणि खाली रस्ता होता. खूप खाली. मुंग्यांएवढ्या गाड्या चालल्या होत्या. फळीच्या लाकडातली चीरसुद्धा दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. मला पक्कं माहीत होतं की मी प्रयोगशाळेच्या फरशीवर उभी आहे. तरी मी “आई गं” म्हणून मोठ्याने ओरडले, मटकन खाली बसले आणि हाताला लागलेला मामांच्या स्टुलाचा पाय घट्ट धरून ठेवला. छातीत धडधड झाली का? झाली की. पण ती नंतर. आधी तो स्टुलाचा पाय.

जोडीदारीण हसून हसून बेजार झाली. मग तिने घातला, मी तिच्यासाठी बटण सरकवलं, आणि तिचं हसू गपकन बंद झालं. “अव माय वं!” तिने माझा स्कार्फ मुठीत धरला तो सोडेचना. हेडसेट काढला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “हे असं असते होय?” ती म्हणाली. “अन् मी तं लिहूनबी टाकलं.”

तेवढ्यात सर आत आले. टेबलावर गुंडाळी होऊन पडलेली चिकटपट्टी त्यांनी पाहिली.

“कुणाला विचारून काढलीत?”

“कुणालाच नाही, सर,” मी म्हणाले. “पण आता एकच फळी दिसली. आणि मी घाबरले. खरंच घाबरले.”

मला वाटलं होतं, आता भडकतील. पण सरांचा चेहरा सैल झाला. “मग मी काय सांगत होतो?” ते जरा हळू आवाजात म्हणाले. “मला पहिल्यांदा अशीच धडधड झाली होती. हातसुद्धा घामेजले होते.”

म्हणजे ते वाक्य खोटं नव्हतं. ते सरांचं होतं. त्यांची भीती खरी होती, आणि ती त्यांनी अख्ख्या वर्गाला उतरवून घ्यायला लावली होती. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. ज्या माणसाला स्वतःला हे झालं होतं, त्याला ते आमच्यापासून हिरावून घेताना काहीच वाटलं नव्हतं?

मी तिथेच उभ्या उभ्या जर्नलमधलं जुनं खोडून नवीन निरीक्षण लिहिलं, “बटण सरकवल्यावर एकच फळी दिसली. मी खाली बसले आणि स्टुलाचा पाय धरला.” आणि वही सरांपुढे ठेवली.

सरांनी ती वाचली. “निरीक्षणात असं लिहीत नाहीत,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. खिशातलं लाल पेन काढलं, पट्टी ठेवून माझ्या दोन्ही ओळींवर सरळ रेघ मारली आणि वर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘छातीत धडधड झाली व तळहातांना घाम आला.’ खाली सही केली. मग मामांना हाक मारून बटण पुन्हा होतं तिथे सरकवून घेतलं आणि नवी चिकटपट्टी लावायला सांगितली. या वेळी दुहेरी.

मी ती वही उचलली आणि तशीच जमा केली, कारण त्या सहीवर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं. बाबांनी शब्द पाळला, पदविका झाली, आज मी गेमच बनवते. त्या प्रयोगात मला पैकीच्या पैकी मार्क पडले. ते सरांच्या धडधडीला पडले. माझ्या स्टुलाला शून्य.