खळ्यातली हाक

म्हसा गावच्या जत्रेनंतरचा रविवार, सकाळची वेळ. ठिकाण शेणवा, माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं घर. हजर: वहिनी, तिची मुरबाडला दिलेली लेक, माझा मुलगा आणि मी. माझी बायको आली नाही. तिचं म्हणणं, हे ज्याने केलं त्याने आणि त्याच्या बापाने निस्तरावं.

कोण हजर होतं ते आधी लिहायचं, ही सवय मला कचेरीत बैठकांची टिपणं लिहून लागली. आता बाजाराची यादीसुद्धा मी तशीच करतो.

निस्तरायचं होतं ते असं. माझा मुलगा गिटार वाजवतो. या संगीताला ब्लूज रॉक म्हणतात. परदेशात शेतावर राबणाऱ्या काळ्या माणसांनी आपलं दुःख गाण्यात घातलं, त्यातून हे आलं आणि पुढे विजेच्या गिटारीवर मोठ्याने वाजू लागलं, असं त्याने मला एकदा नीट बसवून समजावलं होतं. त्याचे तीन अल्बम आहेत. कॅसेट, सीडी काही नाही, तिन्ही फोनवरच ऐकायचे. पहिला त्याने मुरबाडला आमच्या मागच्या खोलीत केला, खिडक्यांना गोधड्या लावून. त्यातली गाणी इंग्रजी होती. दादाने तो ऐकला आणि विचारलं, पोराचा घसा बसलाय काय? दुसऱ्यात मराठी शब्द आले आणि भाताच्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज आला. तो दादाला आवडला. गिरणीपुरता आवडला, असं तो म्हणे.

तिसऱ्यासाठी मुलाला झोडणीचा आवाज हवा होता. म्हणून गेल्याच्या आदल्या हंगामात तो शेणव्याला गेला आणि खळ्याच्या कुडावर आवाज टिपायचं छोटं यंत्र टांगून ठेवलं. चार गडी आणि दादा लाकडी बाकावर भाताच्या पेंढ्या झोडत होते. त्या दिवशीच झोडता झोडता दादा खाली बसला आणि मग आडवा झाला. शहापूरच्या दवाखान्यापर्यंत नेला, पण तो खळ्यातच गेला होता. यंत्राची आठवण कोणाला असणार? ते कुडावर चालूच राहिलं.

ते सगळं तिसऱ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात आहे. झोडणीचे ठोके, त्यावर हळू गिटार. मग ठोके विस्कटतात, थांबतात. वहिनी दादाला हाक मारते. नाव घेऊन. तिथून गिटार मोठी होते ती शेवटपर्यंत.

वहिनीने लग्नातल्या उखाण्यानंतर दादाचं नाव कधी घेतलं नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं तरी ती माझ्याकडे बघे आणि मी सांगत असे. खळ्यात तिने ते घेतलं. तिथे असलेल्यांनी ऐकलं आणि कोणी पुन्हा तो विषय काढला नाही. वर्षश्राद्धही होऊन गेलं. मग जत्रेत, वहिनी घोंगडी बघत असताना, किन्हवलीकडची एक ओळखीची बाई सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "तुज्या नवऱ्याचं नाव आमाला आता कळलं गो. माजा नातू रोज लावतोय." वहिनी घोंगडी न घेताच परत आली आणि लेकीकडून आम्हाला निरोप धाडला.

मी मोटरसायकलवर मुलाला मागे घेऊन गेलो. वाटेत त्याला तीन गोष्टी बजावल्या: आधी पाया पड, मध्ये बोलू नको, गाणं काढ म्हणाली तर काढायचं. पहिल्या दोनला तो हो म्हणाला.

चहा झाला. वहिनी म्हणाली, आधी मला ऐकवा, मी अजून ऐकलेलं नाय. पुतणीने फोन पाटावर ठेवला. मी दाराशी उभा राहिलो, तिथून मागचं रिकामं खळं दिसत होतं.

ठोके सुरू झाले. वहिनीने थोड्या वेळाने बोट वर केलं.

"ह्यो त्यांचा," ती म्हणाली. मग पुन्हा, "ह्यो."

दादा पेंढी डोक्याच्या फार वर नेत असे, म्हणून त्याचा ठोका बाकीच्यांच्या किंचित मागून पडे. गडी त्याला हसत: डायवर हाय, गाडी लेटच येनार. जन्मभर एसटी चालवली, म्हणून गावात सगळे त्याला डायवरच म्हणत. वहिनीचं बोट त्या मागून येणाऱ्या ठोक्याबरोबर हलत होतं. मग ते हलायचं थांबलं. बाकीचे ठोके अजून पडत होते. आम्हाला कोणाला कळलं नव्हतं की गाण्यात तो इतका आधी थांबतो.

हाक आली तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. गाणं संपेपर्यंत ती तशीच बसली. मग तिने माझ्या मुलाला जवळ बोलावलं.

"ठोके राहू दे," ती म्हणाली. "नाव काढ."

मी बजावलेलं विसरून तो बोललाच. आवाज अगदी खाली ठेवून म्हणाला, की मोठी आय, मी ते नाव म्हणून ठेवलं नाय, पुढची सगळी गिटार त्या हाकेला उत्तर हाय, हाक काढली तर उत्तर कोणाला द्यायचं?

"मी त्यांना हाक मारली व्हती," वहिनी म्हणाली. "त्यांनी नाय ऐकली. मग लोकांनी ऐकून काय करायचं?"

त्याने मान हलवली. हो म्हणाला. पुतणी रडत होती. मी फोन उचलून खिशात ठेवला, कारण कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

निघताना वहिनी मला अंगणात म्हणाली, "भावजी, मला मात्र सगळं द्या. नावासकट. माज्या डब्यात घाला." डबा म्हणजे तिचा लाल स्पीकर, ज्यात कार्ड घालून ती सकाळी भजनं लावते.

परतताना सरळगावपर्यंत मी हिशेब करत होतो. आई-बाप गेले. मी दादा म्हणायचो, मुलगा मोठे बाबा, गाव डायवर. वहिनी तर नाव घेतच नव्हती. म्हणजे ते नाव घेऊन हाक मारणारं घरात कोणी उरलेलं नाही. सातबाऱ्यावर आहे, तेवढंच.

मुलाने त्याच आठवड्यात काम केलं. जुनं गाणं उतरवलं, नवं चढवलं. हाकेच्या जागी आता काहीच नाही, तेवढा वेळ सगळं थांबतं आणि मग गिटार येते. ती त्याने पुन्हा वाजवली, पहिल्यापेक्षा हळू. वहिनीला फोनवर ऐकवलं. तिने "चालंल" म्हटलं. जत्रेतल्या बाईकडे पुतणी जाऊन आली आणि नातवाच्या फोनमधलं जुनं पुसून आली. घोंगडी मी मुरबाडच्या बाजारातून घेतली. अख्खं गाणं मुलाने कार्डावर घालून माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, एकदा शेवटपर्यंत तपासून घ्या, अशी कार्डं कधीकधी मध्येच अडकतात.

माझ्या यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली आहे. कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. तीनदा लावलं. ठोके नीट वाजतात, दादाचा मागून पडणारा ठोकाही आता मला ओळखू येतो. तो थांबला की मी बंद करतो. वहिनीने लेकीकडून दोनदा विचारलं आहे. कार्ड शेवटपर्यंत तपासून, घोंगडीबरोबर शेणव्याला पोचवायचं आहे.