आधी बोटं, मग डोकं

थोरल्या बाईंचं डोकं दुखायचं ते उजवीकडचं अर्धंच. जुन्या लुगड्याचं फडकं कपाळाला करकचून आवळायचं, उजवा डोळा मिटायचा आणि भाकरी थापायला बसायचं. झरी गावाला त्यांची धाकटी जाऊ म्हणून मी नवीनच आले होते. म्हटलं, बाई, पडा की घटकाभर. तर म्हणाल्या, "अर्धंच दुखायलंय गं. उरलेल्या अर्ध्यानं भाकरी होतेत की."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

बाईंचं एक म्हणणं होतं आणि ते त्या येईल त्याला सांगायच्या. आधी बोटांचे सांधे सुजतात, हात फुगून बांगड्या रुततात आणि दुसऱ्या दिवशी डोकं उठतं. दोन्ही दुखणी एकाच मुळाची. परभणीच्या डॉक्टरनं डोक्याची गोळी दिली आणि बोटांसाठी हाडाच्या डॉक्टरकडे जा म्हणाला. सासूबाई म्हणायच्या, कामाच्या वेळेलाच बरी सुजतात हिची बोटं. मीही मनातून सासूबाईंच्याच बाजूची होते, खोटं कशाला बोलू?

नामांतराच्या दंगलीचे दिवस होते. एसट्या बंद, त्यामुळे परभणीची वाट बंद, आणि बाईंच्या गोळ्या संपलेल्या. त्यातच डोकं उठलं आणि तिसऱ्या दिवशीही उलट्या थांबेनात तेव्हा सासूबाईंनी डब्यातून बिब्बा काढला आणि मला म्हणाल्या, हिच्या कानशिलावर फुली घाल. अर्धशिशीवर आमच्याकडं तोच इलाज. बाईंनी माझं मनगट धरलं.

"नको गं. मला बिब्बा उततो. अंगच माझं असलं हाय, बारक्याशा गोष्टीनं पेटून उठतंय."

मी हात सोडवून घेतला, सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि फुली ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड सुजून दोन्ही डोळे मिटले. कातडीतून पाणी गळायला लागलं. बोटं फुगली आणि डोकं आठ दिवस उतरलं नाही. बाई मला चार शिव्या देत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलं होतं की गं तुला."

त्यानंतर डोकं दुखतंय हे त्यांनी घरात कधी तोंडातून काढलं नाही. मग मीच त्यांच्या हातांकडं बघायला शिकले. बांगड्या रुतलेल्या दिसल्या की मी परात ओढून घ्यायची, त्या मुकाट्यानं उठायच्या. कानशिलावरचा काळा डाग त्यांच्याबरोबर चितेवरच गेला.

पुढं माझ्या लेकीचं डोकं तसंच अर्धं दुखायला लागलं, बोटांचे सांधेही सुजायला लागले. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की रोगाशी लढणारी शरीराची ताकद काहींच्या बाबतीत आपल्याच अंगावर उलटते, सांधे सुजतात. अशा माणसांत अर्धशिशीही जास्त दिसते, पण हा संबंध अजून पुरता उलगडलेला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, आधी बोटं सुजतात, मग डोकं उठतं. त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं आणि विचारलं, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं तुम्हाला?

"माझ्या जावेनं," मी म्हटलं. "मी ऐकलं नव्हतं."