पान्याला न्हाई म्हननारे इवाई

आमच्या इवायांसारखा मानूस पंचक्रोशीत दुसरा झाला न्हाई, आनी झाला असता तर लोकांनी त्याला येशीतच आडवला असता. दारी आलेला वैरी बी दोन घोट पानी पितो. आमचे इवाई, म्हंजे माज्या लेकीचे सासरे, कुनाच्याच घरचं पानी पीत न्हवते. तांब्या पुढं केला की मान वाकडी करून आत बघायचे, जसा काय आत साप बसलाय, आनी इचारायचे, "कुठलं हाय?" सुपारी फुटली त्या दिशी आमच्या महाळुंग्याच्या घरात, भरल्या बैठकीत, त्येंनी त्येच केलं. मालकांनी, म्हंजे आमच्या ह्येंनी, छाती फुगवून सांगितलं, "आमच्या हिरीचं. ह्या हातांनी खांदलीय." इवायांनी तांब्या खाली ठिवला, पिशवीतनं सोताची बाटली काढली आनी घटाघटा प्याले. चहा तरी घ्या म्हनलं तर म्हनतात, "चहात काय दूध एकटंच असतंय का?" माजी जाऊ माज्या कानाशी लागली, "बया, ह्यो मानूस लगीन जोडाया आलाय का मोडाया?"

त्येंच्या नाकात भोक हुतं. खरंखुरं भोक. तळवड्याला एका बारक्या शेडमदी लोखंडाला चकाकी चढवायच्या कामात त्येंची सगळी जवानी गेली. हौदातनं पिवळी वाफ निघायची, तिनं नाकातला मधला पडदा खाल्ला. पोरांनी लई हट्ट धरला की सुतळीचा तुकडा ह्या नाकपुडीत घालून त्या नाकपुडीतनं काढून दावायचे. पोरं टाळ्या पिटायची, मी त्येंना दटावायची. "हसू द्या की इहीनबाई," म्हनायचे, "शेडमदी आमी बी हसलो. सगळ्यास्नी वाटलं सर्दी हाय. शेठनं खोबरेल तेल लावाया सांगितलं." भोक पडलं तवापासनं त्येंना कसलाच वास येत न्हवता, म्हनून दुसऱ्याची नाकं उसनी मागत फिरायचे. पान्याची बाटली कुनाच्या बी तोंडाशी न्यायची आनी म्हनायचं, "जरा वास घेऊन सांगा की." एकदा बशीत कंडक्टरच्याच नाकाशी नेली. त्यो म्हनला, "काका, घेतली असंल तर गप बसा, मला कशाला पाजताय?"

ही खोड त्येंना एका डाक्टरीनबाईनं लावली. शेडमदी तपासनीला आली हुती. बाकीची साह्यबं शेठसंगं चहा पीत बसली, ही बया हौदापाशी गेली आनी इवायांना तीन गोष्टी इचारल्या. हितं काय हाय? किती अंगावर येतंय? किती दिस? वीस वरसांत कुनी तरी पैल्यांदा इचारलं, असं सांगताना त्येंचा आवाज बारीक व्हायचा. मग शेडमदी वाफ ओढायचा पंखा बसला, पोरांच्या तोंडाला जाळ्या आल्या. "माजं नाक काय परत आलं न्हाई," म्हनायचे, "पन माज्या मागनं लागलेल्या पोरांची शाबूत हायेत. नुसतं इचारलं म्हनून." तवापासनं ह्ये तीन सवाल त्येंच्या तोंडी पक्के बसले. आमच्या मागच्या खोल्यांत लातूर-परभनीकडची मानसं भाड्यानं ऱ्हात्यात, कंपनीत जानारी. आमच्याकडं आले की इवाई पैले तिकडं. वही मांडीवर घ्यायची, कुनाच्या अंगाला खाज हाय, कुनाला वांत्या व्हत्यात, हिरीचं पानी किती सालापासनं पिताय, सगळं इचारून लिवायचं. बायका इचारायच्या, "काका, राशन कार्डाचं हाय का?" न्हाई म्हनलं की उठून जायच्या.

आमच्या हिरीच्या वरच्या अंगाला वढा. पूर्वी त्यात गुरं धुवायचो. कंपन्या आल्या तशी त्येच्यातनं कवा निळं, कवा पिवळं पानी वाहू लागलं. आमाला त्येची सवय झाली. सवय लई वाईट.

लेकीला दिस गेले. पैलं बाळंतपन माहेरीच, ह्ये काय सांगाया लागतंय का? मी डिंक आनला, बाज सुतवून घेतली. आनी इवाई दारात हुबं राहून म्हनतात, "लेक तुमची, पर मी धाडनार न्हाई. आधी हिरीचं पानी तपासा." माज्या अंगाची आग झाली. मालक तर उठलेच. दोर सोडला, बादली काढली आनी इवायांच्या म्होरं दोन तांबे प्याले.

"मेलो का?"

"पाव्हनं, एका तांब्यानं कुनी मरत न्हाई," इवाई म्हनले. "म्हनून तर कुनी भेत न्हाई."

लेक सासरीच बाळंत झाली. मी रुसून दीड महिना नातवाचं त्वांड बघितलं न्हाई. मालकांनी त्या दिसापासनं हट्टानं हिरीचंच पानी पिलं, नळ आला तरी बी. मी बी त्येच भरून दिलं. कुनी दिलं म्हनाल तर मी दिलं.

पुढं मालकांचे पाय सुजले, त्वांड सुजलं. मूत्रपिंडं गेली म्हनले. हप्त्यातनं दोनदा मशिनीवर रगत धुवाया न्यायचं. त्या येळंला इवाई ती वही घिऊन हापिसाची पायरी झिजवत हुते. एका हापिसात शिपाई म्हनला, "काका, रोज येताय, हजेरी लावू का?" शेवटी सरकारी मानसं आली, बाटल्या भरून नेल्या, दारोदार बसून इचारलं. त्येच तीन सवाल! मागच्या खोल्यांतल्या बायका आता खाली मान घालून सगळं सांगत हुत्या. कागद आला, पानी पिऊ नका. हिरीच्या कठड्यावर लाल रंग मारला. टँकर सुरू झाला.

मी डाक्टरला इचारलं, हिरीनंच झालं का? त्यो म्हनला, साखर बी हाय, नुसत्या हिरीवर बोट ठिवता येत न्हाई. इवाई तर एकदा बी म्हनले न्हाईत की मी सांगत हुतो. म्हनायला पायजे हुतं. भांडून तरी घेतलं असतं.

एका दुपारी मालकांनी मशिनीवर जायाला न्हाई म्हनलं. दोन दिसांनी व्हट सुकले, डोळे लागंनात. मी नळाचं पानी चमच्यानं लावलं तर त्वांड फिरवलं. "हिरीचं दे." लेक म्हनली, "न्हाई आई." मी इवायांकडं बघितलं. त्ये भिताडाला टेकून बसले हुते.

"काय हाय, त्ये ठावं हाय," त्ये हळू म्हनले. "किती? चमचाभर. किती दिस?" मग उठले, लाल कठड्यावरनं सोताच्या हातानं दोर सोडला आनी तांब्या भरून आनला. मालकांनी घोट घेतला. "गोड हाय, पाव्हनं," म्हनले. इवाई म्हनले, "तुमच्या हातची हीर हाय."

दिवे लागायच्या आत मालक गेले. मी तो तांब्या उचलला, उरलेलं पानी तुळशीला घालाया निघाले तर इवायांनी आडवलं. "तिला नगं, इहीनबाई. तिला अजून लई दिस हायेत."

तेराव्याला त्येंनी पैल्यांदा आमच्या घरचं पानी मागितलं. मी टँकरचं, उकळल्यालं, गाळल्यालं पानी पुढं केलं. त्येंनी बाटली काढली न्हाई, कुठलं हाय म्हनून इचारलं न्हाई. नुसता तांब्या माज्या नाकाशी धरला. मी वास घेतला, कसलाच न्हाई म्हनून मान हालवली. मग प्याले.

गेल्या साली इवाई बी गेले, छातीनं. आता घरी मी एकलीच. तरी तांब्या भरला की आधी नाकाशी जातो. वास येत न्हाई. मग जरा येळ तसाच हातात धरून बसते, पुढं करायला समोर कुनी न्हाई म्हनून.